चौकात लावलेले चारी इंडिकेटर

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. बायकोला नाही, भावाला नाही. तुम्हाला सांगून टाकतो.

रावेरात माझा मोटार ट्रेनिंगचा क्लास आहे. लोक मास्तर म्हणतात. निम्म्या गावाला क्लच-ब्रेक मी शिकवला, आणि सोबत एक सवयही लावली — चौकात सरळ जायचं असलं की चारी इंडिकेटर एकदम लावायचे. डावीकडे वळायचं तर डावा, उजवीकडे उजवा, मग सरळला चारी! कुठल्या पुस्तकात होतं हे? कुठल्याच नाही. चारी लावायचे ते गाडी रस्त्यात बंद पडली तर. पण मास्तरला विचारणार कोण?

चार वर्षांपूर्वी, सकाळी नऊच्या सुमारास, मी कार घेऊन चौकात आलो. सरळ जायचं होतं, चारी लावले. डावीकडच्या रस्त्यावर नामदेवभाऊ केळीचा टेम्पो घेऊन थांबला होता. वीस वर्षं टेम्पो चालवणारा माणूस. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि निघाला — मी थेट त्याच्या टेम्पोवर. घड रस्त्याभर झाले. त्याचं मनगट मोडलं, मला खरचटलंही नाही.

उतरण्याआधी मी काय केलं असेल? — लाल त्रिकोणाचं बटण दाबून चारी बंद केले. ते खरंच चालू हवे होते, नेमके तेव्हा.

लोक जमले. नामदेवभाऊ कळवळून सांगत होता, "मास्तर, तुमचा डावा लाईट चालू व्हता! माह्या डोयानं पाह्यला. मले वाटलं, तुम्ही इकडे वळता."

मी म्हणालो, "भाऊ, एकही लाईट चालू नव्हता. डोळे तपासून घे."

झालं. गाव कोणाचं खरं धरणार?

दुसऱ्या दिवशी कार अंगणात उभी केली, चारी लावले आणि बाजूला जाऊन पाहिलं. तिथून फक्त डावाच दिसत होता. अरे देवा! इतकी वर्षं मी हे शिकवत होतो? तेव्हा तरी त्याच्या घरी जायचं ना — नाही गेलो. क्लासची अब्रू जाईल म्हणून घाबरलो.

मालकाने त्याला टेम्पोवरून काढलं. डोळ्यांच्या डॉक्टरने नजर चांगली आहे म्हणून सांगितलं, पण चारचौघांनी वेड्यात काढल्यावर माणूस स्वतःलाच खोटा मानायला लागतो. आणि एक दिवस तो माझ्याच क्लासात आला — पुन्हा शिकायला. "माहीच नजर चुकली, मास्तर. तुमाले उगा खोटं पाडलं."

मी त्याला स्टिअरिंगवर बसवलं. का बसवलं? — परत पाठवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. प्रत्येक चौकात तो गाडी थांबवायचा. समोरच्या गाडीकडे बोट दाखवून विचारायचा, "तिचा लाईट चालू हाय ना, मास्तर? का मलेच दिसतो?"

"चालू आहे," मी म्हणायचो. एवढंच.

पाचव्या दिवशी त्याने चौकात इंजिन बंद केलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि पायी निघून गेला. आता तो दुसऱ्याच्या टेम्पोत केळी भरतो. सकाळी मला रस्त्यात दिसतो — मागे घडांवर बसलेला. मला पाहिलं की आधी तोच हात वर करून नमस्कार करतो.