कंडक्टरमामा आणि पोतंभर माती

नातवंडांनो, आमचे कंडक्टरमामा गांडुळांना पुढे सरकायला सांगत. सारी नोकरी एसटीत गेलेली. निवृत्त होऊन ते वाटूरला आले आणि आमच्या शेजारच्या रानात त्यांनी गांडूळखताचा खड्डा केला. रोज सकाळी त्याच्या काठावर उभे राहून ते शिट्टी फुंकत आणि ओरडत, "चला, पुढं सरका! मधी जागा है. दारात गर्दी नका करू!" संध्याकाळी मला मुद्दाम बोलावून दाखवत. "बघा बाई, सरकले का न्हाई? मानसापेक्षा शिस्तीचे पॅसिंजर."

त्यांना आपल्या रानापुरती विषमुक्त शेती नको होती. "एकट्यानं फवारनी बंद करून काय व्हतंय? समदा देश एका गाडीत बसला पायजे." त्यासाठी ते परतूरच्या बाजारात लोकांना जीवामृत दाखवायला निघाले. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवलेला तो काला त्यांनी कॅनमध्ये भरून झाकण गच्च लावले. भर रस्त्यात एसटीने खड्डा घेतला आणि कॅन फुटला. झाडून सारे प्रवासी खाली उतरले. मामा रिकाम्या गाडीतून हाका मारत होते, "बसा, बसा, पिकाला चालतंय तर तुमाला काय व्हतंय!" तरुण कंडक्टर नाक दाबून म्हणाला, "मामा, तुमी रिटायर झाले अन् एसटी वाचली." मामांना राग आला नाही. उतरलेली माणसे आयतीच जमली होती. त्यांनी रस्त्यावरच भाषण केले.

हळूहळू आसपासच्या मोसंबीवाल्यांचा त्यांनी गट केला. काही वर्षे कोणी रासायनिक खत किंवा औषध रानात येऊ दिले नाही. आता सेंद्रिय असल्याचा दाखला मिळायचा होता. दाखला असेल तरच बाहेरचा व्यापारी माल उचलणार होता, आणि गटातला प्रत्येक जण त्या दाखल्याकडे डोळे लावून बसला होता. अखेर तपासणीचा दिवस ठरला. मामा आदल्या दिवशी माझ्याकडे आले. "साहेब लोकं येऊन राह्यलेत, बाई. दोन वाक्यं इंग्रजीत टाका, वजन पडतंय."

मी वाक्ये पाठ करून गेले. मामांच्या पत्नीने, गयामावशींनी, लिंबाखाली जेवणाची तयारी केली होती आणि बांधाजवळ मोठ्या अक्षरांत "सुस्वागतम्" रेखले होते. साहेब खूश झाले. त्यांनी रांगोळीपाशी उभे राहून फोटो काढून घेतले. मामा मात्र वाकून अक्षरांकडे बघत होते. "स्वा"वर मुंग्या मरून पडल्या होत्या.

"गये, ही रांगोळी कायची है?"

"रांगोळी सरली व्हती. मंग मुंग्यांची पावडर घेतली. पाव्हन्यांना जेवताना मुंग्या चावल्या असत्या म्हून."

साहेबांनाच मामांची दया आली. ते म्हणाले, "अहो, चिमूटभर तर आहे. आम्ही पाहिलीच नाही." गटातली माणसे मामांना डोळ्यांनी खुणावत होती. मामांनी शिट्टी फुंकली.

"इनातिकीट मानूस एक असला तरी इनातिकीटच. लिव्हा साहेब, नापास."

माझी इंग्रजी वाक्ये तशीच राहिली. गट त्याच दिवशी फुटला. "तुमच्या शिट्टीपायी आमची मोसंबी कवडीमोल झाली," असे म्हणून एकेक जण उठून गेला. गयामावशींनी कितीतरी दिवस मामांना नुसते ताट वाढले, शब्द वाढला नाही.

मामांनी अक्षरांखालची माती खरवडून पोत्यात भरली. आता हे पोते टाकायचे कुठे? दुसऱ्याच्या रानात बिलकुल नाही. ओढ्यात नाही, कारण ओढा पुढच्या गावाला जातो. अंबडला न्यावे, तर तिथेही शेती आहेच. पोते एसटीत घालून ते जिल्हाभर फिरले आणि तसेच परत आले. मी म्हटले, "मामा, आता सोडा." ते गंभीरपणे म्हणाले, "देशाभायेर टाकावं म्हनलं, तर पासपोर्ट न्हाई. तुमचे नातू तिकडं राहत्यात, त्यांना इचारा की जल्दी." मी तुम्हाला विचारले नाही. काय सांगून विचारणार होते?

मामा गेल्या थंडीत गेले. परवा मी भेटायला गेले, तर पोते ओट्यावरच होते, तोंड नीट शिवलेले. मावशींना म्हटले, "आता तरी टाकून द्या."

"कुठं टाकू, बाई?" त्या म्हणाल्या. "मला तर समदीकडं त्यायचंच रान दिसतंय."