कोऱ्या रकान्यातलं शून्य

सई, काल फोनवर तू म्हणालीस, "आजी, माझा प्रोग्राम रिकाम्या जागा शून्य धरतोय, सगळी सरासरी चुकतेय." आणि एकदम फिनेलचा वास आला.

लग्नाआधी मी उस्मानाबादला एका कचेरीत कारकून होते. एका उन्हाळ्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि कचेरीभर फिनेल शिंपडलेलं असे. गावोगावचे कोतवाल मृत्यूंची खबर देत, आम्ही ती तक्त्यात भरत असू, आणि तक्ता पाहून लस टोचणाऱ्यांनी कुठं जायचं ते ठरे. एका गावाची खबरच आली नाही, म्हणून मी रकाना कोरा ठेवला. हेडक्लार्क काझीसाहेब म्हणाले, "बाई, कोऱ्यावर बेरीज कशी होणार?" त्यांनी स्वतःच शून्य टाकलं.

पुढच्या आठवड्यात त्या गावचा शेतकरी दारात उभा राहिला. "टोचणारे आमच्याकडं का न्हाय आले?"

"तुमच्याकडं कुणी दगावलं नाही ना," काझीसाहेब म्हणाले.

"कोन म्हनतं? खबर देणारा कोतवालच पहिला गेला, सायेब."

काझीसाहेबांनी तेव्हाच जीप काढायला लावली. "चल, आधी तुझ्या घरी टोचू."

"माझ्या घरी आता टोचायला कुनी न्हाय," तो म्हणाला, आणि वाट दाखवायला पुढं जाऊन बसला.