आक्कांचा ठसका

शिंकणाऱ्या गिऱ्हाइकाला आक्का हसायच्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मिरची कांडप होतं. चटणीच्या दिवसांत माणसं नाकाला रुमाल लावूनच गल्लीत शिरायची. आक्का मात्र उघड्या तोंडानं त्या लाल धुरळ्यात बसून विचारायच्या, "काय पावणं, एवढ्यात डोळ्याला पाणी? अजून लसूण पडायचाय की."

त्यांचा आवाज यंत्रालाही हार जायचा नाही, आणि आवाजामागून खोकला यायचा. पण कांडपावर सगळेच खोकतात, तिथं खोकल्याची चौकशी कोण करणार? मी शाळेतली बाई, राहायला त्यांच्या वरच्या मजल्यावर, आणि चुका काढायची खोड अंगात मुरलेली. "आक्का, खोकला दाखवा कुणाला तरी," असं एकदा म्हणाले तर भडकल्या.

"खोकला न्हाय त्यो बाई, ठसका हाय. खोकला आजारी माणसाला येतोय."

त्या एका शब्दाच्या आडोशाला त्यांनी वर्षानुवर्षं काढली. शिवाय बिडीला कधी हात लावला नाही, याचा मोठा तोरा. नवरा होता तोवर त्याच एका खोलीत बिड्या फुंकायचा, तो धूर कुणाच्या छातीत जात होता? अंघोळीचं पाणी चुलीवर, मिश्रीची तंबाखू तव्यावर भाजायची तीही दार लावून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. असल्या चांगुलपणाचा मला मनस्वी राग येतो.

मग एका वर्षी पावसाळा आला, कांडप थंडावलं, तरी ठसका थांबेना. रोज सकाळी मोरीपाशी बसून त्या कफ काढायच्या. एकदा चटणीचा डबा घेऊन वर येताना निम्म्या जिन्यात कठड्याला धरून उभ्या राहिल्या. ओठ काळवंडलेले. "जिना उंच केलाय व्हय गं?" मी घाबरले. दुसऱ्या दिवशी जवळजवळ ओढतच त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी फुंकर मारायच्या यंत्रात फुंकायला लावलं. कफ किती महिने पडतो, गेल्या वर्षीही असंच होतं का, हे विचारलं. मग म्हणाले, "हा जुना ब्राँकायटिस आहे, आक्का. सकाळी कुठल्याही गल्लीतून जा, घराघरातून ऐकू येतो. सगळ्यांना असतो म्हणून कुणी आजार मानत नाही." धूर, धुरळा बंद करा म्हणाले, आणि तोंडात मारायचा पंप दिला. आक्कांनी तो बाहेर येताच माझ्या पिशवीत टाकला. "पंप लागला की माणूस संपला. तूच ठेव."

एवढं मात्र केलं की कांडपावर सुनेला, सुवर्णाला, बसवलं आणि स्वतः घरात थांबल्या. मी निर्धास्त झाले. कशाला झाले कोण जाणे.

पुढल्या हिवाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी मी खाली त्यांच्याकडे बसले होते. कांडप बंद होतं. स्वयंपाकघरातून सुवर्णाचा खोकला आला. थांबला, पुन्हा आला. आक्का ताठ झाल्या.

"सुवर्णा, फोडणीला काय टाकलंस?"

"काय न्हाय आत्या. चहा ठेवलाय."

"मग?"

"ठसका लागलाय नुसता."

आक्कांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. "कवापास्नं?" त्यांनी विचारलं. आतून चहा उतू गेल्याचा वास तेवढा आला.

संध्याकाळी आक्काच सुवर्णाला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, दर चार पावलांवर थांबत. अजून वेळ गेलेली नाही, धुरळ्यातून बाहेर काढा, असं डॉक्टर म्हणाले. हंगाम तोंडावर असताना आक्कांनी कांडप बंद केलं. मुलगा चिडला, मिरचीची पोती घेऊन आलेली माणसं दारात भांडली. "दुसरीकडं जावा," एवढंच त्या म्हणत राहिल्या. माझ्याकडून पंपही मागून नेला. त्यानं दम जरा बरा झाला, पण छातीचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मागच्या थंडीत आक्का गेल्या. त्याआधी त्यांना भेटायला गेले, तर तोंडात पदराचा बोळा धरून भिंतीला टेकून बसल्या होत्या. स्वतःचा खोकला दाबत होत्या, डोळ्यांत पाणी आलेलं. मी काही बोलणार तोच हातानं गप्प केलं आणि स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आत भांडी वाजत होती, सुवर्णा पोराला ओरडत होती.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदर काढला.

"न्हाय नव्हं खोकत ती?" त्यांनी विचारलं.