तळ बघून येणारी आक्का

आक्का पाण्यात डोळे उघडे ठेवायची. पेडगावला आमच्या मळ्यातल्या विहिरीत आम्ही भावंडं नाक दाबून, डोळे गच्च मिटून उड्या टाकायचो. आक्का, आमची थोरली बहीण, पायऱ्यांवरून अलगद उतरायची आणि थेट तळाशी जायची. आई काठावरून ओरडत राहायची. "काय आणलंस खालून?" असं वर आल्यावर विचारलं, तर म्हणायची, "आणायचं काय? बघून आले." आम्ही बुडालेली घागर काढायला नाहीतर पैज मारून पाण्यात जायचो. तिला कारण लागत नसे.

लग्न होऊन ती पाथरीला गेली, तिथंच शाळेत शिकवू लागली. दिवसभर वर्गातल्या पोरांच्या हाका, घरी आल्यावर सासूच्या. मास्तरीणबाईंनी विहिरीत उतरणं कुणाला रुचलं नसतं. तिनं कधी कुरकुर केली नाही. माहेरी आली की मळ्यात जाऊन विहिरीत वाकून बघायची. "पाणी लय खाली गेलंय रे," एवढंच बोलायची.

ती निवृत्त झाली त्या वर्षी आम्ही मालवणला गेलो. पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्राच्या तळाशी नेतात, हे तिला कुठूनसं कळलं होतं. दाजींनी आधीच हात झटकले.

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"लोक वर हाएत. मी खाली जायलेय," आक्का म्हणाली.

दाजी किनाऱ्यावरच थांबले. होडीत मी होतो. घट्ट काळा पोशाख, डोळ्यांवर काच, तोंडात नळी. शिकवणाऱ्याचा हात धरून आक्का पाण्यात उतरली आणि दिसेनाशी झाली. वर आली तेव्हा तिचं हसू थांबेना. नाकातोंडातून खारं पाणी गळत होतं आणि ती हसतच होती.

"पिवळे मासे, रे! पार हाताजवळ आले. कुणालाच घाई न्हाई. आन् तिथं कुणी हाक मारीत न्हाई."

लगेच तिनं होडीवाल्याला विचारलं, "दादा, आनिक एकदा सोडता का?" पण ऊन कलत आलं होतं, होड्या परत फिरत होत्या. पुढच्या वर्षी नक्की यायचं, असं ठरवून आम्ही निघालो.

पुढच्या वर्षी खोकला आला. औषधांनी हटेना, म्हणून परभणीला दाखवलं. फुप्फुसं आकसत चालली आहेत, डॉक्टर म्हणाले. घरात ऑक्सिजनचं मशीन आलं, आक्काच्या नाकाला नळी लागली. भेटायला येणारे आजाराचं विचारायचे आणि ती मासे सांगत बसायची. "झालं, आली मालवणावर," दाजी म्हणायचे आणि चहा टाकायला उठायचे. नळीकडे बोट दाखवून ती मला म्हणाली, "तिथं असली नळी लावून मजा केली. हितं नळी हाय, मजा तेवढी न्हाई बघ."

शेवटी शेवटी दोन शब्दांतच तिला धाप लागायची. मी म्हणालो, "आक्का, जरा बरं वाटू दे, जाऊ आपण."

तिनं माझा हात थोपटला. "लबाड बोलू नको. एकदा गेले... ते काय कमी हाय?"

त्या हिवाळ्यात ती गेली.

काही महिन्यांनी दाजींचा फोन आला. "मालवणला जायचंय. येतोस का?" गुडघाभर पाण्यातही कधी न उतरलेला माणूस! होडीत मुकाट्यानं पोशाख चढवला. खाली जाताना शिकवणाऱ्याचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

वर आले ते एका कडेला बसून राहिले. अंगावर टाकलेला टॉवेल त्यांनी ओढून घेतला. होडी किनाऱ्याला लागत आली तेव्हा कुठं बोलले.

"मला वाटायचं, ही लय वाढवून सांगायलीय."

त्यांनी पाण्याकडे पाहिलं.

"न्हाई रे. लय कमी सांगितलं तिनं."