रोममधला हत्ती

हिंगोलीत पंचवीस वर्षं झाली, मी शाळेत गणित शिकवते. अंगात येणं, चकवा लागणं – असलं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. आजही माझा विश्वास नाही. तरी लिहितेय, कारण सहा महिने झाले, डोक्यातून जातच नाही...

मागच्या ऑक्टोबरात मी आणि माझी सुमाआत्या रोमला गेलो. माझी लेक तिथं शिकते. आत्या आखाडा बाळापूरची, वय बहात्तर, जन्मात नांदेडच्या पुढं गेली नव्हती. खरं तर अण्णा, म्हणजे माझे वडील यायचे होते. पण जायचं लांबत गेलं, आणि निघायच्या दीड वर्ष आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला, वाचाच गेली. म्हणून आई त्यांच्यापाशी थांबली आणि त्यांच्या जागी त्यांची बहीण आली. एसटीच्या चौकशी खिडकीवर हयात गेली अण्णांची! कुणी कुठंही निघो, यांच्या सूचना तयार. आता सूचना द्यायलाही कुणी नव्हतं.

जाणाऱ्यांसाठी मीच सांगते. बूट मऊ घाला, रस्ते सगळे दगडी. पाणी विकत घेऊ नका, ठिकठिकाणी लोखंडी नळ आहेत, पाणी गार आणि फुकट. चर्चमध्ये खांदे झाकून जा. आत्याच्या नऊवारीला कुणी काही म्हणालं नाही, माझ्या बिनबाह्यांच्या कुर्त्यालाच अडवलं! आणि सगळ्यात महत्त्वाचं – चुकामूक झाली तर कुठं भेटायचं ते आधी ठरवा. मी ठरवलं नव्हतं.

त्या दिवशी लेक कॉलेजात. आम्ही दोघीच पॅन्थिऑनला गेलो – मोठ्या घुमटाचं जुनं देऊळच ते. आत्याला खांबापाशी उभं करून मी तिकिटाच्या रांगेत लागले. दहा मिनिटांनी मागं बघते तर आत्या नाही! तिचा फोन माझ्या पर्समध्ये, शुगरच्या गोळ्याही माझ्याच पर्समध्ये. भाषेची तर बोंबच. अर्धा तास मी वेड्यासारखी हाका मारत फिरले. लेक फोन उचलेना. शेवटी एका पोलिसाला आत्याचा फोटो दाखवत होते, तेवढ्यात हिंगोलीहून आईचा फोन.

"आई, आत्ता नको!" मी ओरडलेच.

"अगं ऐक तर! तुझे अण्णा बोलले! मी चहा पाजून राहिले होते, अन् एकदम म्हणले – सुमी हत्तीपाशी बसली, तिला घेऊन या. बराबर असंच म्हणले गं!"

रोममध्ये दीड वाजला होता, घरी पाच. आत्या हरवल्याचं मी घरी कळवलंच नव्हतं.

"इथं कुठला आलाय हत्ती!" म्हणून मी फोन ठेवला. आणि मग... सांगायला लाज वाटते... त्या पोलिसाला विचारलं, "एलिफंट?" त्याला काहीच नवल वाटलं नाही. त्यानं पॅन्थिऑनच्या मागं बोट दाखवलं.

मागच्या चौकात दगडी हत्ती. पाठीवर उंच खांब घेतलेला. आणि खालच्या पायरीवर आत्या, पदरानं वारा घेत बसलेली!

मला रडूच फुटलं. "काहून आलीस गं इकडं?"

"गर्दीनं लोटत आणलं माय. मग ह्यो दिसला. ल्हानपणी औंढ्याच्या जत्रंत दादा सांगायचा – सुमे, चुकलीस तर देवळाच्या हत्तीपाशी बस, कुठं हलू नको, मी येतो. म्हून बसले. तू काहून रडून राहिली? सापडले न्हाई का?"

माझं गणिताचं डोकं म्हणतं, अण्णांना जत्रेची जुनी आठवण आली असेल. मान्य. पण नेमकी त्याच वेळी? दीड वर्ष बंद असलेल्या तोंडातून? डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. 'असं' म्हणजे काय, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

परत आल्यावर आत्या थेट अण्णांच्या खाटेपाशी गेली. "दादा, हलले न्हाई रे मी." अण्णांनी तिच्याकडं बघितलं, डोळे भरले, पण शब्द नाही. त्या दिवसानंतर एकही नाही.

दीड वर्ष रात्रंदिवस उशाशी आई होती, आणि नाव आलं ते बहिणीचं. आता रोज पाचला चहा पाजताना ती हळूच विचारते, "अहो, मी कुठं बसले, सांगा बरं?"