मॅडमच्या टिपणांची झेरॉक्स

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. परवा कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात एक मुलगी मशीनमधून निघालेली गरम पानं वाचत एकटीच हसत होती.

"काय वाचतेस गं?"

"कॉम्प्युटरचं आहे, आजोबा. नेमलेलं पुस्तक डोक्यावरून जातं. हे मात्र तुम्हालासुद्धा कळेल, बघा!"

पानावर होतं: पीठ संपेपर्यंत पोळ्या लाटत राहा, याला लूप म्हणतात. कधी थांबायचं ते सांगायला विसरलात, तर जन्मभर लाटत बसाल.

ते अक्षर आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या नाडकर्णी मॅडमचं. मी गणिताचा मास्तर; अचानक कॉम्प्युटर शिकवायला लावलं, तेव्हा याच टिपणांवरून शिकून वर्गात उभा राहिलो होतो. पण पहिल्या वर्षाचं पुस्तक ठरवायच्या बैठकीत मॅडमनी तीच टिपणं पुढे ठेवली आणि मी म्हणालो, "फार सोपं आहे. कॉलेजला शोभणार नाही." मग जे जाडजूड पुस्तक लागलं, ते मीही पुरतं वाचलं नव्हतं.

तरी टिपणं हातोहात फिरत राहिली. समजल्याचं हसू काही वेगळंच असतं, सगळा चेहरा उजळतो. किती पोरं अशी हसली असतील! मी घरापर्यंत जवळजवळ गुणगुणतच आलो.

मॅडम गेल्या वर्षी वारल्या. निवृत्त होताना त्यांनी मला विचारलं होतं, "सर, खरंच फार सोपं होतं का हो?"

मी म्हणालो, "चहा घ्या, गार होतोय."

म्हणायचं होतं, "मॅडम, सोपं होतं म्हणूनच मला कळलं. माफ करा."