बुटकीच्या मापाचा ओटा

आभाळ धुरकटलेलं, वारा पार पडलेला. रंग वाळायला असली हवा वाईट. भिंतीला बोट लावलं की ठसा उठत होता. मुकादमीण सकाळपासून दारांच्या कड्या राखेनं घासत बसली होती. घर विकायला काढलं होतं, विकून लेकाकडे राहायला जायचं होतं. मुकादमाचं म्हणणं असं की बाजारात न्यायची म्हैस आधी धुऊन काढावी, पण साबण स्वस्तातला वापरावा.

मुकादमाचा जन्म गेला लोकांची घरं बांधण्यात. स्वतःच्या घरात त्यानं खिळासुद्धा ठोकला नव्हता. नळ गळायचा, खिडकी फुगून बसली होती, बोळकंडीत दिवसा ठेच लागायची. बायकोनं सांगितलं की म्हणायचा, "बघू." आता आठवड्याभरात सगळं झालं. नळाला वायसर बसला, खिडकीला रंधा मारला, बोळकंडी पांढरी झाली. कपाटामागच्या ओलीवर पुट्टीचे दोन हात फिरले आणि कपाट पुन्हा जागच्या जागी गेलं.

"बैल गेला नि झोपा केला," मुकादमीण म्हणाली.

"बैल जायचाय अजून. गिऱ्हाईक झोपाच बघतं."

तिचं खरं दुखणं होतं स्वयंपाकघरातला ओटा. सासू ताडमाड, ओटा तिच्या मापाचा. ही नवी नवरी आली तर हिची हनुवटी शेगडीला लागायची. सासू पोट धरून हसली आणि 'बुटकी' म्हणाली. तेच नाव चिकटलं. खरं नाव त्या घरात कुणी तोंडात घेतलं नाही. मुकादमानं कामावरच्या फुटक्या फळ्यांचा वीतभर उंचीचा पाट ठोकून दिला. बायकोसाठी हातानं केलेली तेवढी एकच वस्तू. त्यावर उभं राहून तिनं सगळा संसार रांधला. दुसऱ्या खेपेला पोटुशी असताना त्याच पाटावरून पाय घसरला. पोटातलं गेलं, खुबा कायमचा वाकडा झाला. सासू धावत आली आणि आधी पाट उलटा करून बघितला, फळी फुटली का म्हणून.

त्यानंतर ती म्हणत राहिली, ओटा तेवढा खाली घ्या. सासू गेल्यावरही म्हणाली. मुकादम म्हणायचा, "आईचा ओटा आहे. ती गेली म्हणून तिची उंची कापू?"

आणि चार दिवसांमागं कापड दुकानदार बायकोला घेऊन घर बघायला आला. सगळं पसंत पडलं. दुकानदारीण ओट्यापाशी उभी राहिली, कोपरं वर करून बघितली आणि म्हणाली, "फारच उंच आहे हो."

"हात्तिच्या! दोन दिवसांचं काम," मुकादम म्हणाला.

ते गेल्याबरोबर त्यानं छिन्नी-हातोडा काढला. "ए बुटके, इकडे ये. पाट सोड. जमिनीवर उभी राहा. ती बाई तुझ्याच मापाची आहे."

तिचं कोपर भिंतीला टेकवून त्यानं पेन्सिलीची रेघ मारली. तीच फरशी काढून, तेच चिरे रचून ओटा त्या रेघेवर बसवला. सिमेंट धरल्यावर तिनं वर हात ठेवून बघितले. खांदे उचलावे लागत नव्हते.

"अहो, एक वेळचा स्वयंपाक करू द्या मला यावर."

"आणि तेलाचा डाग पडला म्हणजे? पुसायला तुझा बाप येणार आहे? मागं अंगणात स्टोव्ह मांड."

तिनं अंगणात मांडला. वाकडा खुबा घेऊन उकिडवी बसून रांधलं, आणि त्यानं खाल्लं.

कड्या घासून होतात न होतात तोच दुकानदार आणि दुकानदारीण आले. दुकानदारीण थेट ओट्यापाशी. "अय्या, माझ्यासाठीच बांधल्यासारखा."

"तुमच्यासाठीच," मुकादम म्हणाला.

"चहा टाकून बघू का जरा?"

"विचारता काय, घर तुमचंच."

मुकादमिणीनं पातेलं दिलं. साखर दिली. दुकानदारीण शेगडी पेटवून मजेत ढवळत म्हणाली, "मावशी, बसा हो तुम्ही. आम्ही परके आहोत का?"

मुकादमीण बसली नाही. पातेल्याकडे बघत म्हणाली, "त्या कपाटामागं ओल आहे."

मुकादमाचा चेहरा उतरला. दुकानदारानं कपाट सरकवलं, पुट्टीत बोट खुपसलं. बोट निम्मं आत गेलं. ते रुमालाला पुसत तो हसला. "ओल कुठल्या घरात नसते? मुकादम, थोडे खाली या म्हणजे झालं."

मुकादम खाली आला.

"भिंतीचं बघून घेऊ," दुकानदारीण म्हणाली, "पण असा ओटा मिळायचा नाही." बोलण्याच्या नादात चहा उतू गेला, फरशीवर तांबडा ओघळ आला. ती फडकं शोधायला लागली.

"राहू द्या," मुकादम म्हणाला, "ही पुसेल."

ते गेल्यावर त्यानं कोपऱ्यातला पाट उचलला, निखळलेल्या फळीला दोन खिळे ठोकले, हलवून बघितला आणि तिच्या पायाशी ठेवला.

"हा बरोबर घे. सूनबाईचा ओटा आईच्या ओट्याएवढाच आहे. आणि तिला काही खाली घ्यायला सांगू नकोस. घर तिचं आहे."

मुकादमिणीनं पाट पायानं बाजूला सारला. ओट्यावरचा ओघळ वाळायला लागला होता. तिनं फडकं ओलं केलं, जमिनीवर उभी राहून तो पुसला आणि उष्ट्या कपबशा घेऊन मागं अंगणात विसळायला गेली.